ब्युनोस आयर्सचा उलटा सूर्य

१

ज्या माणसाने रविवारी आईला ब्युनोस आयर्सहून "आये, मी बरा हाय" असं लिहिलं, त्याची बॅग सोमवारी दुपारी जयगडच्या वर सड्याच्या कातळावरच्या चिरेखाणीत सापडली.

खाण महिपतची. जुन्या खड्ड्यात गेल्या वर्षाचं पाणी साठलेलं होतं, ते उपसायला त्याने पंप लावला. पाणी गुडघ्यावर आलं तशी निळी बॅग दिसली. आत कपडे होते, दाढीचं सामान होतं आणि बॅग तळाला राहावी म्हणून घातलेले चिऱ्याचे दोन तुकडे होते. पासपोर्ट नाही, कागद नाही, फोन नाही. पण पट्टा तुटला होता तिथे हिरव्या लुगड्याची चिंधी लावून टाके घातले होते, आणि ते टाके त्याच्या आईने, तुळसाने घातलेले होते. सागर डिसेंबरात जहाजावर निघाला त्याच्या आदल्या दिवशी.

हवालदार आला, बॅग बघितली, तुळसाचा फोन बघितला. म्हणाला, "बाई, पोरगा कालच बोललाय तुमच्याशी. मग हरवलंय कोण?" आणि गेला. त्याला तरी काय बोलायचं? ज्याची तक्रार लिहायची तो फोनवर हसतखेळत लिहीत होता.

तुळसा रडली नाही. भर उन्हात उतार उतरून ती थेट दादू सारंगाच्या पडवीत येऊन बसली.

दादूची तीस वर्षं जहाजावर गेली. खलाशांचा मुकादम म्हणजे सारंग, तिथवर चढून तो निवृत्त झाला. आता सदुसष्टीचा, विधुर, जिभेचा तिखट. तेहेतीस वर्षांपूर्वी जहाजाच्या मालकाचं दिवाळं वाजलं आणि जहाज ब्युनोस आयर्सच्या बंदरात चाळीस दिवस अडकलं. बाकीचे पत्ते कुटत बसले. दादू रोज शहरात पायी भटकला. परत आल्यावर ते शहर त्याने वाडीला इतक्यांदा ऐकवलं, की गुलाबी राजवाड्यापासून पत्र्याच्या घरांच्या वस्तीपर्यंतची वाट इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ. वाडी त्याची थट्टाही करायची, ती एका गोष्टीवरून. दादू सांगे, तिथे पाणी पूर्वेला, सूर्य पाण्यातून वर येतो आणि शहराच्या पाठी जमिनीवर मावळतो. ज्यांनी जन्मभर सूर्य दर्यातच बुडताना बघितला, त्यांना ते पचायचं नाही. "काय दादू, तुझा उलटा सूर्य काय म्हणतोय?" हे वाडीतलं रोजचं.

तुळसाने फोन त्याच्या पुढ्यात ठेवला. "भाऊ, तू ते गाव बघितलंयस. हे वाच, आणि माझा सागर तिथे हाय का नाय, एवढंच सांग."

२

दादूने चष्मा पुसला आणि वाचायला घेतलं. एप्रिलच्या मध्यापासून सहा रविवारचे सहा मेसेज. जहाज सोडलं, इथल्या बंदरात काम मिळालं, वर्षभर राहीन, नेट बरं नाही म्हणून फोन लागणार नाही. आणि मग शहर.

"आये, आज मे महिन्याच्या नावाच्या चौकात गेलो. समोर गुलाबी राजवाडा. कोकमाच्या सारासारखा रंग."

दादू हसला. तिथले लोक सांगायचे, जुन्या काळी त्या रंगात बैलाचं रक्त कालवायचे. वाडीला तो ही गोष्ट मीठमसाला लावून सांगे, आणि लहानपणी सागर हटकून विचारायचा, 'काका, किती बैल?' आता आईला लिहायचं म्हणून रक्त गाळलं असेल.

पुढच्या रविवारी सान तेल्मो. दगडी रस्ते, लोखंडी सज्ज्यांची जुनी घरं, जुन्या वस्तूंचा बाजार. मग बोका: पत्र्याची घरं, एक भिंत निळी, एक पिवळी, कारण गरीब माणसं जहाजाला लावून उरलेला रंग घरी न्यायची. मग रेकोलेता, मेलेल्यांचं गाव. तिथे थडग्यांना दारं आहेत, गल्ल्या आहेत, पायऱ्यांवर मांजरं झोपलेली असतात. सगळं खरं होतं. दादूला त्या गल्ल्यांतला ओला वाससुद्धा आठवला.

त्याला आणखी एक आठवलं, जे त्याने वाडीत कधीच सांगितलं नव्हतं. त्या चौकात दर गुरुवारी डोक्याला पांढरा रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या बायका गोल फिरायच्या. त्यांची मुलं सरकारच्या माणसांनी नेली ती परत आली नाहीत, आणि कुठे आहेत ते कोणी सांगत नव्हतं. पंधरा वर्षं त्या तशाच फिरत होत्या. ज्या वाडीत घरटी एक माणूस दर्यावर, तिथे असली गोष्ट सांगायची नसते.

प्रत्येक मेसेजखाली तुळसाचा एकच प्रश्न होता, 'जेवलास का', आणि खाली उत्तर, 'जेवलो आये'.

मग कालचा मेसेज. "राजवाड्याच्या मागे नदीवर गेलो. सांजेला सूर्य पाण्यात बुडाला, आपल्या जयगडला बुडतो तसाच. तू बघतेस तोच सूर्य मीही बघतोय."

दादूने ते तीनदा वाचलं. त्याचा चेहरा बघून तुळसा पुढे सरकली. "काय झालं?"

"तुळसा, हे लिहिणारा तिथे नाय," दादू म्हणाला. लपवून काय उपयोग होता? "त्या नदीत सूर्य बुडत नाय. कधीच नाय."

तुळसाच्या हातात परत दिलेला फोन तेवढ्यात वाजला. सहा आठवड्यांत पहिल्यांदाच सोमवारी. "आये, सांगायचं राहिलं. डिसेंबरात विमानतळावर जाताना माझी निळी बॅग चोरीला गेली होती."

"तू त्याला बॅगेचं कळवलंस?" दादूने विचारलं.

तुळसाने मान हलवली. तिने कोणालाच कळवलं नव्हतं.

३

म्हणजे लिहिणारा अर्जेंटिनात नव्हता. बॅग सापडल्याची बातमी तीन तासांत ज्याच्या कानावर गेली, असा इथलाच कोणीतरी होता. आणि तो इथला असून त्याला उलटा सूर्य ठाऊक नव्हता! वाडीतलं तर कुत्रंही ही चूक करणार नाही. दादूने हिशेब मांडला: माणूस इथला पाहिजे, पण वाडीत वाढलेला नसावा. सागरशी संबंध असलेले असे दोघेच. सागरची बायको मृणाली ही चिपळूणची, लग्नाला दोन वर्षं झालेली. सागर येत नाही म्हणून महिन्यापूर्वी रागावून माहेरी गेली होती. आणि महिपत, तो खेडकडचा. खाणीच्या दणक्याने तुळसाच्या विहिरीला चीर गेली म्हणून सागरने त्याच्याशी कडाक्याचं भांडण केलं होतं.

सकाळी दादू चिपळूणला निघाला. थांब्याची वाट त्याच्या मुलाच्या बागेवरून जाते. निलेशने सड्यावरची ती हापूसची बाग चार वर्षांपूर्वी कराराने घेतली होती. आता वैशाखाच्या तापत्या उन्हात तो एका नव्या कलमाला बादलीने पाणी घालत होता. बांधावरचं तारेचं कुंपण यंदा दिसत नव्हतं, आणि डुकरांनी बांधाकडची केळी उकरून पार नांगरट केली होती.

"निल्या, कलम पावसाच्या तोंडावर लावतात रे. वैशाखात लावायला तुला कोणी शिकवलं?"

"पाणी घालतोय ना, बाबा."

"आणि केळी डुकरांना दान केलीस?"

निलेशने दुसरी बादली उचलून ओतली. पोर थकलंय, दादूच्या मनात आलं. सागर त्याच्याहून पाचसात वर्षांनी लहान, पण धाकट्या भावासारखा त्याच्या पाठी वाढलेला. बॅगेच्या बातमीने त्याचंही काळीज हललं असणार.

मृणालीने दादूला पाणी दिलं आणि उभ्यानेच बोलली. "काका, सहा आठवडे मला एक अक्षर नाही. आईंना दर रविवारी, आणि मी जशी मेले. भांडण कसलंही नव्हतं आमचं."

"मेसेजमध्ये सूर्य पाण्यात बुडतो असं लिहिलंय."

ती चमकली. "ते कसं होईल? मार्चमध्ये त्यांनी तिथूनच फोन केला होता. हसत होते. म्हणाले, दादूकाका खरं बोलत होते गं, सूर्य पाण्यातनंच वर येतो इथे."

म्हणजे सागरने ते लिहिलं नाही, आणि मृणालीनेही नाही. दोघांनाही खरं ठाऊक होतं. आणि तिला मेसेज का आला नाही तेही उघड होतं. आई-मुलाचं बोलणं सगळ्या वाडीने ऐकलेलं असतं. नवरा-बायकोचं बोलणं नक्कल करायला कुठून आणणार?

"शेवटचं काय बोलला?"

"दहा एप्रिलला. म्हणाले, आता फोन नको, पुढचं बोलणं समोरासमोर. मी विचारलं, म्हणजे कधी? तर नुसते हसले." तिने रिकामा पेला परत घेतला. "मला वाटलं, टाळताहेत."

दर्यावरचा माणूस घरी यायची तारीख सांगत नाही. सांगितली की येणं लांबतं, असं या किनाऱ्यावर मानतात. दादूने स्वतः तीस वर्षांत एकदाही सांगितली नव्हती. सागर टाळत नव्हता. तो निघाला होता.

४

महिपत खाणीवर छत्रीखाली बसला होता. दादूने आडपडदा ठेवला नाही.

"सारंग, माझं त्याच्याशी वाजलं, हे साऱ्या मुलखाला माहिती आहे," महिपत म्हणाला. "पण बॅग मी टाकली असती तर दहा माणसांसमोर मीच पंप लावून वर काढली असती का? मला काय वेड लागलंय?"

ते बिनतोड होतं. शिवाय त्याची भाषा खेडकडची, आणि आईला 'आये, जेवलो' लिहिणाऱ्याच्या बोटांत हीच वाडी होती.

"एप्रिलात पहाटेच्या एस्टीने कोणी उतरलेलं बघितलंस?"

"मी आठला येतो. पण पहाटे उतरणारा माणूस डांबरी रस्त्याने कशाला जाईल? सड्यावरून, तुमच्या निलेशच्या बागेतून अर्ध्या तासात खाली." महिपत तंबाखू मळता मळता सहज म्हणाला, "बाकी निलेशचं यंदा काय बिनसलंय? दर एप्रिलला या खड्ड्यातलं पाणी बागेला मागतो. यंदा पंप आणून देतो म्हटलं तरी नको म्हणाला. टँकर घेतला, विकतचा."

दादू उठला. ऊन डोक्यात गेलं, असं त्याने महिपतला सांगितलं.

५

घरी येऊन तो झोपाळ्यावर बसला आणि जे डोक्यात शिरत होतं ते बाहेर ढकलत राहिला. निलेश त्याचा स्वतःचा मुलगा. उलट्या सूर्याची गोष्ट त्याच्याइतकी कोणी ऐकली असेल? ही चूक तो करणं शक्यच नाही. दादूने हा एक आधार घट्ट धरून ठेवला.

पण मन ऐकेना. मेसेजात शहर सगळं खरं होतं, दोनच गोष्टी बदललेल्या होत्या. रक्ताच्या जागी कोकम आलं होतं, आणि सूर्य पाण्यात बुडत होता. दोन्ही बदल एकाच जातीचे होते. भीती काढून घ्यायची आणि परकं ते घरचं करायचं. असं कोण करतं? लहान मुलाला गोष्ट सांगणारा करतो.

झोपाळा थांबला.

बायकोच्या ट्रंकेत बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता. त्यात त्याची सगळी पत्रं. ब्युनोस आयर्सचा शिक्का असलेलं एक निराळं होतं, मोठ्या अक्षरांत लिहिलेलं आणि घड्यांवर झिजून चार तुकडे व्हायला आलेलं. सहा वर्षांच्या निलेशला. तेव्हा तो रोज सांजेला धक्क्यावर जाऊन उभा राहायचा आणि बाबा कुठे म्हणून रडायचा, असं त्याच्या आईने कळवलं होतं.

'बाळ निलेश, इथे एक गुलाबी राजवाडा आहे, तो कोकमाच्या साराने रंगवलाय. त्याच्यामागे नदी आहे. सांजेला सूर्य तिथे पाण्यात बुडतो, आपल्या जयगडला बुडतो तसाच. तू बघतोस तोच सूर्य मीही बघतोय.'

दादू ते पत्र लिहिल्याचं साफ विसरून गेला होता. जगात हे खोटं त्याने एकाच माणसाला सांगितलं होतं.

६

तो बागेत गेला तेव्हा निलेश त्याच कलमाजवळ बसला होता. दादूने पत्र त्याच्यासमोर धरलं. निलेशने ते वाचायला हातात घेतलं नाही, त्याला गरज नव्हती.

"डुकरांसाठी तारेत करंट सोडायचास?" दादूने विचारलं. "आणि एप्रिलात तारा काढल्यास, म्हणून आता केळी खातायत."

"रोज पहाटे पाचला बंद करायचो, बाबा. त्या दिवशी डोळा लागला." निलेश जमिनीकडे बघून बोलत होता. "साडेपाचला आलो तर तो तारेवर. आधी मला वाटलं डुक्कर. मग बॅग दिसली. अंगात काही नव्हतं राहिलं, मी खूप हलवलं त्याला. हातात तुळसाकाकीसाठी काहीतरी बांधून आणलेलं पुडकं होतं."

"मग धावत खाली का नाय आलास?"

"येणार होतो. दोनदा उतारापर्यंत आलो." त्याने समोरच्या आळ्यातली माती हाताने सारखी केली. "कलमांसाठी खड्डे खणून ठेवलेले होते. त्यांतला एक..."

दादूने त्या कोवळ्या कलमाकडे बघितलं नाही. रोज दोन बादल्या पाणी कशाला लागत होतं, ते आता त्याला कळलं. उघडी माती कोणाच्या डोळ्यावर येऊ नये म्हणून वर झाड लावलं होतं, आणि ते जगवणंही भाग होतं.

"आणि फोन?"

"कुलूप उघडायची खूण ठाऊक होती मला. काकी रविवारी वाट बघत असणार म्हणून एकदाच लिहिलं. एकदाच लिहिणार होतो. मग तिने विचारलं, जेवलास का."

मग दादूने विचारलं, कारण त्याला राहवेना. "अरे, सगळी वाडी जन्मभर माझ्या उलट्या सूर्याला हसली. तू रोज ऐकायचास. मग हे असं कसं लिहिलंस?"

निलेशने पहिल्यांदा वर बघितलं. "वाडीला तुम्ही थापा मारायचात, बाबा. सगळे म्हणायचे, दादूच्या थापा. मला मात्र पत्र लिहिलं होतंत. मला लिहिलं तेच खरं, असं मी धरून चाललो."

दादूने पत्राची घडी घातली. रडायला यावं तर तेही येईना. हे पत्र जाळलं, तर कोणाला काय कळणार होतं? हवालदाराने कधीच हात झटकले होते. तुळसा वाट बघत राहिली असती, दर रविवारी. निलेशचं घर वाचलं असतं. त्याचा एकुलता एक मुलगा, आणि मुद्दाम कोणाला मारलेलं नाही. हा सगळा विचार दादूच्या मनात आला. आला नाही असं कोण म्हणेल?

पण त्याच्या डोळ्यांसमोरून तो चौक हलेना. पंधरा वर्षं फिरणाऱ्या त्या बायका, आणि ज्यांना ठाऊक होतं ते गप्प बसलेले.

"ऊठ," तो म्हणाला.

७

तुळसा अंगणात कोकमं फोडून साली वाळत घालत होती. हात मनगटापर्यंत लाल. दोघांना एकत्र येताना बघून ती काय समजायचं ते समजली असावी, कारण ती उठली नाही आणि 'या' म्हणाली नाही.

दादूने एका दमात सगळं सांगितलं. बॅग, तार, पहाट, खड्डा. एकही शब्द मऊ केला नाही. आयुष्यात एकदा मऊ केलं होतं तेवढं पुरे झालं. निलेश हात बांधून मागे उभा होता. हवालदाराला दादूने वाटेतूनच फोन केला होता.

तुळसाने सगळं ऐकून घेतलं. मग तिने निलेशकडे बघितलं.

"मी विचारायचे, जेवलास का. 'जेवलो' म्हणून कोण लिहायचं?"

"मी, काकी."

"तेवढं उत्तर आल्याबिगर मी रविवारी तोंडात घास घेत नसे," ती म्हणाली. आवाज चढला नाही. "तो उपाशी असंल तर मी कशी जेवू, म्हणून. सहा रविवार तुझ्या सांगण्यावर जेवले मी."

निलेश तिथेच अंगणात गुडघ्यांवर बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला. तिने त्याला उठवलं नाही, शिवीही दिली नाही. पाणचुलीजवळच्या घागरीतून पाणी घेऊन ती हात धुवायला लागली. कोकमाचा रंग निघत नव्हता, तरी दोनदा धुतले. मग फोन उंबऱ्यावर ठेवला, चपला घातल्या.

"आता लोक जमायच्या आत मला नेऊन दाखव," ती दादूला म्हणाली. "सून चिपळुणाहून येईपर्यंत कोणी त्याच्यापाशी बसायला हवं."

ती पुढे, दादू मागे. उतार तापला होता, दोघांनाही दम लागत होता, पण ती कुठे थांबली नाही. चौकातल्या त्या बायका वर्षानुवर्षं चालत होत्या. तुळसाला फक्त सड्यापर्यंत चालायचं होतं.